एकट्यापुरता स्वयंपाक सुरू करताय? आधी पावशेर मागायला शिका

मी २०२२ ला लातूरहून पुण्यात नोकरीला आले. पहिलं वर्ष पीजी आणि मेसचा डबा यावर काढलं, मग रोज तीच पातळ आमटी आणि सोड्याचा वास येणाऱ्या भाज्या खाऊन पोट इतकं बिघडायला लागलं की धायरीत एक वन आरके घेतलं आणि ठरवलं, आता आपलं आपण करून खायचं. स्वयंपाक मला येत होता, घरी आईच्या हाताखाली भाकरी, पोळी, भाजी सगळं केलेलं. तरीपण पहिले तीन आठवडे पैसा गेला आणि जेवण शेवटी बाहेरूनच आलं.

झालं असं की पहिल्या रविवारी मंडईत गेले आणि आई घेते तसंच घेतलं. किलोभर भेंडी, किलोभर वांगी, मेथीच्या दोन जुड्या, पालक, शेपू. आई ते पाच माणसांसाठी घेते हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा फ्रिज नव्हता. बुधवारी पिशवी उघडली तर भेंडी काळी पडून चिकट झालेली, मेथी पिवळी पडून खाली पाणी साचलेलं, वांग्यांना सुरकुत्या. सगळं कचऱ्यात. पुढच्या रविवारी परत तेच. एकट्या माणसाचं स्वयंपाकघर बंद पडतं ते जास्तीच्या खरेदीनं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं आणि तेव्हापासून आजपर्यंत माझं घरचं जेवण कधी सुटलं नाही. म्हणून जे पहिल्यांदाच एकटे राहायला आलेत, मुलगा असो की मुलगी, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय. मी पुण्यातलं सांगणार कारण मला तेच माहितीये, पण बाकी शहरांतही थोड्याफार फरकाने असंच असतं.

१. बाजारात जायच्या आधी आठवडा मोजा

कागद घ्या आणि सात दिवसांत तुम्ही खरोखर किती वेळा घरी जेवणार ते मोजा. चौदा जेवणं असतात असं वाटतं, पण दुपारी ऑफिसात कॅन्टीन असेल, शनिवारी मित्रांबरोबर बाहेर, एखाद्या दिवशी उशीर झाला की दूध-पोहे. माझी मोजून आठ जेवणं निघाली. आठ जेवणं म्हणजे चार भाज्या, कारण एकदा केलेली भाजी मी रात्री आणि दुसऱ्या दिवशी डब्यात अशी दोनदा खाते. चार भाज्या, प्रत्येकी पाव किलो, म्हणजे आठवड्याची सगळी मिळून किलोभर भाजी. मी आणत होते साडेचार किलो!

हा आकडा आधी काढा, मगच पुढचं सगळं. भांडी, गॅस, किराणा, सगळं याच्यावर ठरतं.

२. गॅस की इंडक्शन

तुम्ही वर्षभर तरी राहणार असाल तर दोन्ही ठेवा असं मी म्हणेन, पण सुरुवात एकानेच करा.

इंडक्शनला कागदपत्रं लागत नाहीत हे सगळ्यात सोपं. फक्त घेण्याआधी खोलीत १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आहे का बघा, कारण शेगडी साधारण २००० वॅटची असते आणि मोबाईल चार्जरच्या बारक्या सॉकेटवर ती लावली की सॉकेट तापून वितळू शकतं. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलं तर ते भांडं चालतं, नाही चिकटलं तर नाही. ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापतच नाही, हा खूप जणांचा पहिला फुकटचा खर्च. विजेचा हिशोब सोपा आहे, २००० वॅटची शेगडी फुल्ल ठेवून अर्धा तास चालली की एक युनिट.

भाकरी करायची असेल तर मात्र गॅसच लागतो, भाकरी आचेवरच फुगते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडेनचा तो 'छोटू' नावाने विकतात. गॅस एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर मिळतो.

काय काय लागतं:

- ५ किलोच्या सिलिंडरला: फक्त एक ओळखपत्र. आधार, पॅन, मतदार कार्ड, लायसन्स यातलं कुठलंही. पत्त्याचा पुरावा लागत नाही.
- १४.२ किलोच्या घरगुती कनेक्शनला: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा (रजिस्टर केलेला भाडेकरार चालतो), फोटो, आधारचं केवायसी. एका घरात एकच घरगुती कनेक्शन मिळतं, त्यामुळे त्या पत्त्यावर आधीच कुणाचं आहे का ते घरमालकाला विचारून मगच जा.

छोटा सिलिंडर किलोमागे महाग पडतो कारण तो बाजारभावाने मिळतो, पण मला एकटीला तो महिना-सव्वा महिना जातो, त्यामुळे चालतं.

इथला सापळा नीट ऐका. रस्त्यावरच्या दुकानांत बिनकंपनीचे बारके सिलिंडर आणि 'इथे भरून मिळेल' असं असतं, ते घेऊ नका. मोठ्या सिलिंडरमधून नळी लावून त्यात गॅस भरतात, त्याच्या टाकीची तपासणी कधी कुणी केलेली नसते. कंपनीच्या सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीत त्याची पुढची तपासणी असते, ती तारीख उलटून गेलेली असेल तर बदलून मागा. रेग्युलेटर आणि आयएसआय मार्कची नळी एजन्सीतूनच घ्या. जोडल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी पेटवून अजिबात बघायचं नाही. वास आला तर खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

३. भांडी, एवढीच

तुळशीबागेच्या बाजारात गेलात की सगळंच घ्यावंसं वाटतं. नका घेऊ. तीन लिटरचा स्टीलचा कुकर, एक कढई, एक लोखंडी तवा, झाकणाची दोन पातेली, पोळपाट-लाटणं, भाकरी येत असेल तर परात, एक चांगली सुरी, मिसळणाचा डबा, किसणी, चिमटा, दोन ताटं, दोन वाट्या. बास. मिक्सर तीन महिन्यांनी घ्या, तोपर्यंत छोटा खलबत्ता पुरतो आणि लसूण-मिरचीचा ठेचा त्यातच जास्त चांगला होतो.

४. किराणा

महिन्याचा किराणा एकदम भरायची आपल्याकडं पद्धत आहे, एकट्याने ती पहिल्या महिन्यात पाळू नका. पहिल्या वेळी सगळं पावशेर-अर्धा किलोच घ्या, महिना संपताना काय उरलं आणि काय आधीच संपलं ते बघा, मग तुमचा आकडा तुम्हाला कळेल. माझा आता असा आहे: गहू ३ किलो, ज्वारी २ किलो, तांदूळ २ किलो, तूरडाळ अर्धा किलो, मूगडाळ पावशेर, मटकी पावशेर, शेंगदाणे अर्धा किलो, पोहे अर्धा किलो, साखर अर्धा किलो, तेल १ लिटर. मोहरी, जिरं, हिंग, हळद याच्या छोट्या पुड्या दोन-तीन महिने जातात.

दुकानदाराशी बोलताना शब्द माहीत असू द्या. पावशेर म्हणजे आता २५० ग्रॅम, अच्छेर म्हणजे अर्धा किलो आणि जुने दुकानदार नवटाक म्हणाले तर १२५ ग्रॅम. सुटं देणारा वाणी शोधा. मॉलमध्ये 'दोन घ्या, एक फुकट' असतं, त्यातलं तिसरं पाकीट आपण खाणार की पोरकिडे खाणार हा प्रश्न तिथेच उभं राहून स्वतःला विचारा. ॲपवरून मागवतानाही डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून आपण दोन वस्तू वाढवतो, त्याच वाया जातात.

तांदूळ घेताना तीन नावं ऐकू येतील. इंद्रायणी चिकट आणि मऊ होतो, आंबेमोहर वरणभाताला आणि मऊ भाताला, त्याला आंब्याच्या मोहोरासारखा वास असतो, आणि कोलम रोजच्या मोकळ्या भाताला. नवा की जुना हे विचारायलाच पाहिजे कारण नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, आणि जुन्याच्या मापाने पाणी घातलं तर नव्याचा लगदा होतो. तूरडाळ पण जुनी असेल तर शिजता शिजत नाही, अर्धा तास भिजत घाला, कुकर लावताना हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब टाका, मीठ मात्र फोडणीच्या वेळी.

मसाल्याचं एक सांगते. पुण्यात दुकानात नुसता 'मसाला द्या' म्हटलं की गोडा मसाला हातात पडतो, तो आमटीला छान लागतो पण आपण मराठवाड्याकडचे असू तर वांग्याची भाजी त्यात कधी आपल्या घरासारखी लागत नाही, आणि माणसाला वाटतं आपला हातच बिघडला. हात ठीक असतो. घरून काळा मसाला आणि येसर (भाजलेली धान्यं-डाळी मसाल्यांबरोबर दळून केलेलं पीठ) आणा, एक-एक बरणी सहा महिने पुरते. कोल्हापूरकडच्यांनी आपली चटणी आणावी, खानदेशातल्यांनी आपला मसाला. ओळखीची चव ताटात असली की बाहेरून मागवायची इच्छा आपोआप कमी होते, हे मी मनापासून सांगतेय.

५. गिरणी

पॅकेटचं पीठ वापरायला हरकत नाही, पण एकदा दळून आणून बघा. गव्हात लोकवन रोजच्या पोळीला चांगला, शरबती मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा, महाग, पोळ्या मऊ राहतात. ज्वारी मालदांडी मागा, मंगळवेढ्याची मिळाली तर उत्तमच, तिला भौगोलिक मानांकनही आहे.

गिरणीत डबा ठेवायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: "दादा, आत्ता काय दळलंय?" गव्हानंतर गहू, ज्वारीनंतर ज्वारी. आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळलेली असेल तर गिरणीत अडकलेलं बेसन पहिल्या झटक्यात तुमच्या पिठात येतं, आणि बाजरीनंतर गहू टाकला तर पोळ्या करड्या होतात आणि कडवट लागतात. चांगला गिरणीवाला स्वतःच सांगतो, "ताई, अर्ध्या तासाने या, ज्वारी लावणारे." तो सांगतो तसं थांबा.

पीठ हातात येतं तेव्हा डबा बाहेरून पण गरम लागतो. घरी आल्यावर झाकण काढून, वर पातळ कापड टाकून तासभर तसंच ठेवा. गरम पिठावर झाकण लावलं की आतून वाफ धरते, झाकणाला थेंब जमतात आणि आठ दिवसांत पिठाला कुबट वास येतो. ज्वारीचं पीठ एकावेळी किलोभरच दळा, ते गव्हापेक्षा लवकर जुनं होतं, आणि जुन्या पिठाची भाकरी थापतानाच कडेने चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून पीठ उकळत्या पाण्यात मळायचं. ताजं पीठ आणि कढत पाणी असलं की पहिल्यांदा करणाऱ्याची पण भाकरी निघते, जाड निघेल, पण निघेल.

६. भाजी

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो म्हणून इथे वेळ घेते.

कुठे जायचं: महात्मा फुले मंडई १८८६ पासूनची आहे, तिथे किंवा तुमच्या भागातल्या भाजीवाल्यांकडे. गुलटेकडीचं मार्केट यार्ड घाऊक आहे, तिथले भाव दहा किलोचे असतात आणि पालेभाज्यांचे शेकड्याचे, म्हणजे शंभर जुड्यांचे. पेपरात 'कोथिंबीर शेकडा अमुक रुपये' असं आलं की ते कसं वाचायचं ते यावरून कळेल: शंभराने भागा, त्यावर वाहतूक आणि विकणाऱ्याचं पोट धरा, मग तुमच्या दारातला भाव बरोबर आहे का समजतं. एकट्या माणसाने मात्र तिथे स्वस्त मिळतं म्हणून जाऊ नये, दहा किलोचा भाव दहा किलो खाणाऱ्यासाठी आहे.

किती घ्यायचं: पावशेर मागा आणि लाजू नका. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा गवारवाल्या मावशी म्हणाल्या, "पावशेरनं काय व्हतंय, अर्धा किलो घे की, कमी लावते." मी म्हटलं, "मावशी, एकटीच राहते, उरली की सडती." त्यांनी माझ्याकडं बघितलं, तराजूत टाकलेली मूठभर गवार परत काढली आणि ढिगातली बारीक, कोवळी निवडून पावशेर भरून दिली. वर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच जाते आणि त्या मला बघूनच पावशेरचं माप ठेवतात. एकटे राहता हे सांगायला संकोच करू नका, बाजारातली माणसं समजून घेतात. नेहमी त्याच एक-दोन विक्रेत्यांकडे जा, अर्धा दुधी, पाव कोबी, चार टोमॅटो असं कापून, सुटं देणारं माणूस ओळखीनेच मिळतं.

कशी निवडायची:

भेंडीचा शेंडा मोडून बघा, कट्कन तुटला तर कोवळी, वाकला तर जून. पण दोन-तीनच मोडा, ढीगभर मोडत बसू नका, ते विकणाऱ्याचं नुकसान आहे. वांगं हातात हलकं लागलं पाहिजे, जड असेल तर आत बिया भरलेल्या, आणि देठ हिरवा, भोक कुठेही नको. गवार बारीक आणि वाकडी चालेल, फुगलेली नको. मटार एक सोलून खाऊन बघायचा. दोडका दाबून बघा, पोकळ वाटला तर सोडा. मेथी छोट्या गोल पानांची घ्या आणि जुडीच्या मधे हात घालून बघा, बाहेरून टवटवीत आणि मधे कुजलेली, हा नेहमीचा प्रकार. पाणी मारून ठेवलेली पालेभाजी दिसायला ताजी असते पण घरी आणल्यावर रात्रीतच काळी पडते, म्हणून ओली जुडी झटकून बघा.

टोमॅटो घेताना दोन पिकलेले, दोन अर्धे कच्चे घ्या, म्हणजे ते आठवडाभर एकेक करून तयार होत जातात. ही एक गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

कांद्याचं वेळापत्रक वेगळंच. एप्रिल-मेच्या सुमारास निघणारा उन्हाळी कांदा चार-पाच महिने टिकतो, त्याची मान वाळलेली आणि बारीक असते. दिवाळीच्या आसपास नवा लाल कांदा यायला लागतो, त्यात पाणी जास्त, तो लवकर मऊ पडतो किंवा कोंब येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दोन किलो घेतला तरी चालेल, डिसेंबरात अर्धा किलोच घ्या.

काट्याकडं लक्ष ठेवा, भाजी टाकायच्या आधी आकडा शून्यावर आहे का एवढंच बघायचं, शब्दाने बोलायची पण गरज पडत नाही. घासाघीस पावशेरवर करू नका, एवढ्या कमी मापावर त्या माणसाला मुळातच काही सुटत नाही. रात्री साडेआठनंतर भाव उतरतात पण तेव्हा पालेभाजी न घेता भोपळा, कोबी, बीट असलंच घ्या.

७. फ्रिज नसेल तर

लाल भोपळ्याची फोड न घेता छोटा अख्खा मिळाला तर घ्या, कित्येक दिवस राहतो. कोबी, सुरण, बटाटे, कांदे टिकतात, फक्त कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, बटाट्याला लवकर कोंब फुटतात. कोंब आलेला किंवा हिरवा पडलेला बटाटा खायचा नाही. कोथिंबीर मुळांसकट घेऊन ग्लासात थोडं पाणी घालून उभी ठेवा, तीन दिवस जाते. ज्यांच्याकडं फ्रिज आहे त्यांनी ती धुवायची नाही, कोरड्या पेपरात गुंडाळून डब्यात. पालेभाजी आणली त्याच दिवशी करायची हा नियमच करा.

आणि कडधान्यं! मटकी सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड. थंडीत एक दिवस जास्त लागतो, फडकं कुकरमध्ये झाकून ठेवलं की ऊब मिळते. भाजी आणायला वेळच मिळाला नाही त्या दिवसांत मला मटकीने सांभाळलंय. डाळीत आणि धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवा, पुण्यात झाडं भरपूर आहेत, मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

शिजवलेला भात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणी द्यायची सवय आपल्या घरांतून आहे, मी ती सोडली. भातात वाढणारे काही जंतू जे विष सोडतात ते परत गरम केल्यावरही जात नाही, म्हणून फ्रिज नसेल तर भात त्या वेळेपुरताच लावा. भाकरी-पोळीचं तसं भय नाही, सकाळी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतली की नाश्ता झाला.

८. रोजचा स्वयंपाक अर्ध्या तासात

कुकरच्या तळाला पाणी, एका डब्यात डाळ, त्यावर वाटीत तांदूळ, बाजूला जागा असेल तर एक बटाटा. तीन शिट्ट्या. डाळ अशी डब्यात न लावता थेट कुकरमध्ये शिजवणार असाल तर कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, डाळ फसफसून शिट्टीच्या भोकात अडकते. झाकण लावायच्या आधी ते भोक उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का बघा. रोज. दोन सेकंद लागतात.

कुकर होईपर्यंत भाजी चिरायची आणि फोडणी घालायची. फोडणीचा क्रम हा पाया आहे. तेल तापू द्या, एक मोहरी टाकून बघा, ती लगेच वर येऊन तडतडली तरच बाकीची टाका. थंड तेलात टाकलेली मोहरी तडतडत नाही, मऊ पडते आणि भाजी कडू लागते. मोहरी थांबली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता, लसूण. लसणाला सोनेरी रंग आला की गॅस बारीक, मग हळद, आणि लगेच कांदा किंवा भाजी. तिखट तेलात थेट टाकायचं असेल तर गॅस बंद करून टाका, जळालेलं तिखट नुसता ठसका देतं, चव देत नाही. ही एक फोडणी बसली की आमटी, उसळ, पालेभाजी, पोहे सगळं येतं, बाकी पदार्थ म्हणजे त्यात काय पडतंय एवढाच फरक.

रविवारी शेंगदाणे भाजून, सालं पाखडून कूट करून ठेवा, आठवडाभर भाजीला, कोशिंबिरीला, साबुदाण्याला होतो. अर्ध्या दाण्यांची लसूण-तिखट घालून चटणी कुटा. ज्या दिवशी ऑफिसातून नऊला घरी येता त्या दिवशी भाकरी, चटणी, कांदा आणि दही हे पूर्ण जेवण आहे, त्याला कमी समजू नका.

९. छोट्या सवयी

कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला, सुट्टे पैसे तिच्याच आत. घरातली वस्तू संपल्यावर लिहायची नाही, शेवटचा चमचा उरला की लिहायची, मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिते. जेवल्या जेवल्या कढई घासायची, कारण सकाळी घाण ओटा दिसला की माणूस स्वयंपाकच टाळतो. वाया गेलेली वस्तू टाकताना तिचं नाव त्याच पानावर लिहा, महिन्याने ते नाव तीनदा दिसलं तर ती वस्तू तुमची नाही, घेणं बंद करा. माझ्या पानावर पालक चार वेळा आला होता. आता मी पालक खाते, पण फक्त ज्या रात्री करायचा त्याच संध्याकाळी विकत घेते.

जेवताना खाली बसून, ताटात वाढून घ्या. पातेल्यातून उभ्याउभ्या खाल्लं की किती खाल्लं कळत नाही आणि जेवल्यासारखंही वाटत नाही.

१०. पहिल्या संध्याकाळी हे करा

नवीन खोली, सामान अजून अर्धं बांधलेलं, अंगात त्राण नाही. त्या दिवशी खिचडी.

पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ एकत्र दोनदा धुवा. कुकरमध्ये दोन चमचे तेलात वर सांगितली तशी फोडणी, त्यात एक कांदा, एक टोमॅटो, मूठभर शेंगदाणे. तांदूळ-डाळ टाकून दोन मिनिटं परता. तीन वाट्या गरम पाणी, मीठ, अर्धा चमचा काळा किंवा गोडा मसाला. मऊ आवडत असेल तर अर्धी वाटी पाणी जास्त. झाकण लावा, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. तूप आणि पापड काढून ठेवा, आणि आतली वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नका, दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात घरी फोन करून सांगा की आज खिचडी टाकलीये.